जुन्या स्कूटरची पुनर्जुळणी

पुणें, मुंबई, नाशिक, कोल्हापूर ह्या शहरांतील जुन्या वाड्यांच्या पडव्यांत आणि चाळींच्या जिन्यांखालीं अजूनहि एखादी व्हेस्पा धूळ खात उभी असलेली दिसते. तिच्या चाकांतली हवा केव्हांच गेलेली असते, आसनाचें रेक्झिन फाटून आंतल्या स्प्रिंगा वर आलेल्या असतात, आणि पुढच्या पत्र्यावर घरांतल्या मुलांनीं खडूनें रेघोट्या मारलेल्या असतात. भंगारवाला तिला वजनावर मागतो. घरांतला कोणी उत्साही तरुण मात्र एके दिवशीं ती सुटी करून, घासून-पुसून, पुन्हां जुळविण्याचा निश्चय करतो. हें काम छंदाचें, हें खरें. परंतु तें करतांना हातीं येणाऱ्या प्रत्येक भागाला कांहीं पूर्वेतिहास आहे, आणि तो ठाऊक असला तर जुळणींतल्या पुष्कळ अडचणींचा उलगडा होतो. म्हणून ह्या गाडीची हकीकत तिच्या जुळणीला धरूनच सांगणें सोयीचें होईल.

सर्व भाग उतरवून झाल्यावर जें शिल्लक राहतें तें पाहून नवशिका चकित होतो. मोटर-सायकलीला नळ्यांचा सांगाडा असतो. येथें सांगाडाच नाहीं. दाबून आकार दिलेले पोलादी पत्रे एकमेकांस सांधून केलेलें एक पोकळ कवच, हींच ह्या गाडीचीं हाडें आणि हीच तिची कातडी. पाय ठेवण्याची जागा, गुडघ्यांपुढची ढाल, पेट्रोलची टाकी जींत बसते ती पाठ, सर्व एकजीव. भार पत्र्यानेंच वाहावयाचा ही कल्पना रस्त्यावरची नव्हे. ती विमानाच्या कारखान्यांतून आली.

पियाज्जिओ ही जेनोवा शहराजवळ सेस्त्री पोनेंते येथें रिनाल्दो पियाज्जिओ ह्यानें १८८४ सालीं सुरू केलेली पेढी. आरंभीं जहाजांचें आंतील सजावटीचें काम, मग आगगाडीचे डबे, आणि पुढें विमानें, असा तिचा व्याप वाढत गेला. तोस्काना प्रांतांतील पोंतेदेरा येथील तिच्या कारखान्यांत दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं पी. १०८ हें चार इंजिनांचें बाँबफेकी विमान तयार होत असे. साहजिकच त्या कारखान्यावर बाँब पडले, आणि युद्ध संपलें तेव्हां तेथें ढिगाऱ्यांवांचून फारसें कांहीं उरलें नव्हतें. रिनाल्दोचा मुलगा एन्रिको ह्याच्यापुढें कामगारांच्या पोटाचा प्रश्न होता. हरलेल्या देशांत विमानें कोण घेणार? रस्ते उखडलेले, मोटारी परवडण्याजोग्या नाहींत. लोकांना हवें होतें तें कामावर जाण्या-येण्यापुरतें स्वस्त वाहन. अमेरिकेच्या छत्रीधारी सैनिकांजवळ असलेल्या लहानशा कुशमन स्कूटरी इटालियन लोकांनीं युद्धांत पाहिल्या होत्या. १९४४ सालीं बिएला येथें कंपनीच्या इंजिनिअरांनीं एक नमुना बनविला. लोक त्याला ‘पापेरीनो’ म्हणत. डोनाल्ड डक ह्या चित्रपटांतल्या बदकाचें इटलींतलें नांव तेंच. एन्रिकोला तो नमुना पसंत पडला नाहीं, आणि त्यानें काम कोर्रादिनो दास्कानिओ ह्याच्याकडे सोंपविलें.

दास्कानिओ हा १८९१ सालीं आब्रुत्सो प्रांतांतील पोपोली गांवीं जन्मलेला. त्याचें चित्त हेलिकॉप्टरांत गुंतलेलें. १९३० सालच्या ऑक्टोबरांत रोमजवळच्या च्यांपीनो विमानतळावर त्याच्या हेलिकॉप्टरनें ८ मिनिटें ४५ सेकंद हवेंत राहून आणि १,०७८ मीटर अंतर कापून त्या काळचे उच्चांक केले होते. अशा माणसाच्या हातीं दुचाकी आली ती त्याला मोटर-सायकलीची आवड होती म्हणून नव्हे. उलट मोटर-सायकल त्याला मुळींच रुचत नसे. तिच्यावर टांग टाकून बसावें लागतें; साखळीचें तेल कपड्यांवर उडतें; आणि वाटेंत चाकाची हवा गेली तर तें काढतां काढतां माणूस मेटाकुटीस येतो. ह्या तक्रारी पुढें ठेवून त्यानें गाडी आंखली. २३ एप्रिल १९४६ रोजीं फ्लॉरेन्स येथें तिच्या पेटंटासाठीं अर्ज दाखल झाला. रुंद पाठ, बारीक कंबर आणि तो गुणगुणणारा आवाज पाहून एन्रिको उद्गारला कीं ही तर गांधीलमाशी दिसते; इटालियन भाषेंत गांधीलमाशीला ‘व्हेस्पा’ म्हणतात. पहिलें इंजिन ९८ घनसेंटिमीटरांचें होतें व गाडी ताशीं ६० किलोमीटरपर्यंत धांवे. पहिल्या वर्षीं २,४८४ गाड्या निघाल्या, दुसऱ्या वर्षीं १०,५३५. आणि १९५६ सालीं दहा लाखांचा आंकडा गांठला गेला. १९५३ सालीं ‘रोमन हॉलिडे’ ह्या चित्रपटांत ऑड्री हेपबर्न व ग्रेगरी पेक हीं दोघें तिच्यावर बसून रोमच्या रस्त्यांवरून फिरलीं, तेव्हांपासून तिला जाहिरातीची गरज फारशी उरली नाहीं.

दास्कानिओच्या तक्रारी जुळणी करणारानें ध्यानांत ठेवाव्या. पहिलीचें उत्तर त्या कवचांत आहे. मधली जागा मोकळी ठेवल्यामुळें धोतर किंवा लुगडें नेसलेल्या माणसालाहि गाडीवर सहज बसतां येतें. इटलींतल्या घागऱ्यासाठीं केलेली सोय हिंदुस्थानांत अशी कामीं आली. चाकाच्या तक्रारीचें उत्तर पुढच्या फोर्कांत आहे. मोटर-सायकलीचें चाक दोन भुजांच्या मध्यें असतें. व्हेस्पाचें चाक एकाच भुजेला, बाजूनें, विमानाच्या चाकासारखें लावलेलें असतें. चार-पांच नट सोडले कीं चाक हातांत येतें, आणि मागचें-पुढचें सारखेंच असल्यामुळें एकच स्टेपनी दोहोंस चालते. हें चाक दाबलेल्या पत्र्याच्या दोन अर्धांचें असतें व ते अर्ध निराळ्या नटांनीं जोडलेले असतात. येथें एक सावधगिरी अवश्य बाळगावी: ट्यूबमध्यें हवा असतांना हे दुसरे नट कधींहि सैल करूं नयेत. दोन्ही अर्ध एकदम उसळतात आणि त्यांत बोटें गमावण्याचा प्रसंग येतो.

फोर्क बसविण्यांत नवशिके बहुधा फसतात. मडगार्ड आधीं फोर्कावर चढवून मगच फोर्क खालून कवचाच्या नळींत घालावा लागतो. रंगविलेलें, चकचकीत मडगार्ड बाजूला जपून ठेवून ज्यानें फोर्क घाईनें बसविला, त्याला सारें पुन्हां उतरवावें लागतें. हँडल ज्यावर फिरतें ते छर्रे जुन्या गाड्यांत सुटे असत. ते वाटींत ग्रीस भरून एकेक करून चिकटवावयाचे, आणि एकहि घरंगळूं न देतां फोर्क वर सरकवावयाचा. ह्या कामाला दोन माणसें हवींत, आणि त्यांतलें एक शांत स्वभावाचें असलेलें बरें.

त्याहिपूर्वीं केबली ओंवावयाच्या असतात. गिअर आणि क्लच ह्यांच्या केबली हँडलापासून निघून कवचाच्या पोटांतून जातात. सुटी करतांना प्रत्येक जुन्या केबलीच्या टोंकाला दोरा बांधून तो मागें ठेवला असेल तर नवी केबल त्या दोऱ्यानें सुखानें ओढून घेतां येते. दोरा विसरला असेल तर अंधाऱ्या पोकळींत तार घालून चांचपत बसावें लागतें, आणि त्यांत एकेक दुपार जाते. हा दोरा कोणत्याहि छापील पुस्तिकेंत नसतो. तो जुन्या मिस्त्र्यांनीं शिकविलेला आहे.

आतां साखळीची तक्रार. दास्कानिओनें साखळी काढूनच टाकली. इंजिन, क्लच, गिअर आणि मागचें चाक हीं सर्व एका गोळ्यांत आणून तो गोळा उजव्या बाजूस टांगला. एका लांब बोल्टाभोंवतीं तो खालीं-वर हलतो, आणि मागें त्याला शॉक-अ‍ॅब्सॉर्बर आधार देतो. म्हणजे इंजिन स्वतःच चाकाची भुजा झालें. इंजिन एका अंगाला आल्यामुळें गाडीचा तोल किंचित् उजवीकडे झुकतो, ही उणीव त्यानें पत्करली. चालविणारेहि नकळत थोडे डावीकडे सरून बसण्यास शिकले.

ह्या गोळ्याची जुळणी हाच सर्व कामाचा गाभा, आणि येथें मात्र घाई मुळींच चालत नाहीं. ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूचीं दोन कवचें, त्यांच्या मध्यें क्रँक आणि गिअरचीं दांतेरी चाकें. कवच थोडें तापविलें कीं धातु फुगते व बेअरिंग हातानें आपल्या घरांत जाऊन बसतें. थंड कवचांत हातोड्यानें ठोकणारा कवच तरी फोडतो नाहीं तर बेअरिंग तरी. पुढील काळांतल्या दीडशें घनसेंटिमीटर इंजिनांत पेट्रोल व हवा ह्यांचें मिश्रण आंत घेण्याचें दार क्रँकच्या चकतीनेंच उघडतें आणि मिटतें. ही चकती आणि तिच्यापुढची घोटलेली जागा ह्यांच्यांत अगदीं केसाएवढी फट असते. एखादा वाळूचा कण तेथें शिरला कीं त्या जागेवर चरे पडतात. दार नीट मिटत नाहीं, आणि मग कार्बोरेटर कितीहि पिळला तरी गाडी सुतासारखी चालत नाहीं. इंजिन उघडल्यावर पहिली नजर येथें टाकावी. येथें चरे असले तर बाकीच्या दुरुस्तीवर पैसा घालण्यापूर्वीं विचार करावा. ह्या रचनेचा एक लाभ असा झाला कीं, आरंभीं पेट्रोलांत शेंकडा ५ तेल मिसळावें लागे तें पुढें शेंकडा २ पुरूं लागलें.

पिस्टन म्हणजे दट्ट्या. त्याच्या माथ्यावर बाण असतो. तो धूर बाहेर जाण्याच्या वाटेकडे राहिला पाहिजे. रिंगांच्या खांचेंत बारीक खुंटी असते, आणि रिंगेचीं दोन टोकें त्या खुंटीच्या दोहों बाजूंस बसवावीं लागतात. तसें न करतां सिलिंडर दामटला तर रिंग तुकडे होऊन हातीं येते. क्लचच्या बुचाच्या चकत्या आदल्या रात्रीं तेलांत भिजत घालाव्या. मॅग्नेटचें जड चाक क्रँकच्या निमुळत्या टोंकावर बसतें, आणि त्याची जागा एका अर्धचंद्राकृति चावीनें ठरते. ही नखाएवढी चावी कापली गेली तर ठिणगी भलत्या वेळीं पडते, आणि गाडी उलटी लाथ मारते. प्लग, कंडेन्सर, कॉईल सर्व नवें घालूनहि इंजिन दाद देत नाहीं तेव्हां शहाणा मिस्त्री प्रथम ती चावी पाहतो. पॉइंटांतली फट ०.३ ते ०.५ मिलिमीटर असावी. त्या चाकालाच पंख्याचीं पातीं आहेत. झांकणाखालून तीं सिलिंडरावर वारा घालतात, म्हणून तें पत्र्याचें झांकण शोभेचें समजून काढून ठेवूं नये.

कवचावर आणि इंजिनावर आंकडे ठोकलेले असतात. इटलींत १९६० पासून निघालेल्या दीडशें घनसेंटिमीटरच्या गाडीच्या कवचावर व्ही. बी. बी. १ टी आणि इंजिनावर व्ही. बी. बी. १ एम हीं अक्षरें असत. टी म्हणजे कवच आणि एम म्हणजे मोटर. हे आंकडे रंगाखालीं बुजूं देऊं नयेत. तीच गाडीची जन्मपत्रिका.

आपल्याकडील जन्मकथा निराळी आहे. १९४५ सालीं स्थापन झालेली बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही बजाज घराण्याची कंपनी १९४८ पासून परदेशी दुचाक्या व तीनचाक्या आणून विकीत असे. १९५९ सालीं तिला सरकारकडून उत्पादनाचा परवाना मिळाला, आणि १९६० नंतर पियाज्जिओच्या सहकार्यानें पुण्याजवळ आकुर्डी येथें व्हेस्पा १५० तयार होऊं लागली. तिकडे मुंबईंत ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी लँब्रेटा करीत होती. लँब्रेटा ही व्हेस्पाची मिलानमधली प्रतिस्पर्धी, १९४७ सालची. तिचा मालक फेर्दिनांदो इन्नोचेंती पोलादी नळ्यांचा कारखानदार, म्हणून त्याच्या गाडीला अर्थातच नळीचा सांगाडा. पुढें तर भारत सरकारनें १९७२ सालीं इन्नोचेंतीची लँब्रेटाची सर्व यंत्रसामुग्रीच विकत घेतली आणि लखनौस आणून उभी केली. घरच्या घरीं एक गाडी जुळवतांना घामाघूम होणारानें कारखानाच सुटा करून समुद्रापार जुळविणाऱ्यांचा विचार करावा.

पियाज्जिओशीं असलेला करार १९७१ सालीं संपला. १९७२ पासून आकुर्डीची गाडी राणा प्रतापाच्या घोड्याच्या नांवानें ‘चेतक’ म्हणून निघूं लागली. १९७५ सालीं महाराष्ट्र स्कूटर्स ही संयुक्त कंपनी निघाली व साताऱ्याहून ‘प्रिया’ येऊं लागली. परवान्यांच्या त्या काळांत किती गाड्या करावयाच्या तें सरकार ठरवी, आणि मागणी मात्र कैक पटींनीं अधिक. नांव नोंदवून लोक वर्षानुवर्षें वाट पाहत. नंबर लागलेली गाडी मूळ किंमतीहून अधिक दामानें खुशाल विकली जाई. लग्नाच्या बैठकींत वरपक्षाकडून स्कूटर मागितली जाई, हा त्या इतिहासांतला काळा भाग. तोहि झांकून ठेवूं नये. दुसऱ्या बाजूनें पाहिलें तर, मध्यम स्थितीच्या कुटुंबाला बसच्या रांगेंतून प्रथम बाहेर काढलें तें ह्याच गाडीनें. बाप हँडलाशीं, थोरला मुलगा त्याच्या गुडघ्यांपुढें उभा, मागें एका अंगानें बसलेली आई आणि तिच्या मांडीवर धाकटें मूल, अशी चार माणसें रविवारीं आप्तांकडे निघालेलीं आकुर्डीच्या गाडीनें वाहिलीं. दास्कानिओनें इतका भार हिशेबांत धरला नसावा. सकाळीं गाडी सुरू होईना म्हणजे तिला इंजिनाच्या बाजूस कलंडवून पुन्हां किक मारण्याची रीत तर घरोघरच्या मुलांना पाठ होती. पेट्रोल कार्बोरेटरांत उतरावें ह्यासाठीं तो खटाटोप.

२००५ च्या सुमारास चेतक बंद झाली. पियाज्जिओनें २०१२ सालीं बारामतीस व्हेस्पा पुन्हां काढली, आणि २०१९ सालीं चेतक हें नांव विजेवर चालणाऱ्या गाडीला मिळालें. पत्र्याच्या जुन्या गाड्यांना भाव आला तो ह्यानंतर, आणि त्याबरोबर एक नवीन खोड लागली. तीन भंगार गाड्यांचे तुकडे जोडून, सांधे लांबीनें बुजवून, वर दोन झगझगीत रंग फांसून ‘अस्सल जुनी’ म्हणून विकलेल्या गाड्या देशांत व परदेशांतहि पुष्कळ फिरत आहेत. दिसण्यांत त्या सुंदर असतात. पण ज्या गाडींत भार पत्र्यानेंच वाहावयाचा, तेथें कुजलेल्या पत्र्यावर लांबी थापणें म्हणजे मोडलेल्या हाडावर चंदनाचा लेप लावणें होय. पावसाळी प्रदेशांत पाय ठेवण्याची जागा सर्वांत आधीं गंजते, कारण रबरी पट्ट्यांखालीं आणि पोटाकडच्या आडव्या पट्ट्यांत पाणी साचतें. साधें लोहचुंबक फिरवून पाहावें. लांबीचा थर जाड असला कीं तें चिकटत नाहीं. तेवढा पत्रा कापून नवा सांधणें हाच उपाय.

रंगाचा प्रश्न ह्याहून नाजूक आहे. घासतांना थरामागून थर निघतात, आणि मूळ रंग बहुधा टाकीखालीं किंवा हत्यारांच्या पेटीच्या आंतल्या अंगास सांपडतो. तोच पुन्हां द्यावा असें बहुतेक जाणते सांगतात. कित्येक असेंहि म्हणतात कीं, मूळ रंग निम्म्याहून अधिक टिकला असेल तर त्याला हातच लावूं नये. ओरखडे राहूं द्यावे. हें मत ऐकावयास विचित्र वाटतें, परंतु तेंच अधिक ग्राह्य आहे. नवा रंग केव्हांहि देतां येतो. खरवडून टाकलेला जुना परत आणतां येत नाहीं.

ह्या प्रश्नाला आतां कायद्याचीहि बाजू आली आहे. केंद्र सरकारनें २०२१ सालीं नियम केला कीं, ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपांत राखलेल्या दुचाक्या व चारचाक्या ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवितां येतील. नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षांची, पुन्हां नोंदणीस ५,००० रुपये. क्रमांकांत ‘व्ही ए’ हीं अक्षरें. अट अशी कीं कवचांत अथवा इंजिनांत मोठा फेरबदल झालेला नसावा, आणि अशी गाडी नित्याच्या वापरास रस्त्यावर न आणतां प्रदर्शनें, जुन्या गाड्यांच्या फेऱ्या, देखभाल अशा कारणांपुरतीच न्यावी. तेव्हां सोय म्हणून नवें इंजिन बसविणारा किंवा दुसऱ्या गाडीचें कवच वापरणारा ह्या मानाला मुकतो. जुना इंजिन-गोळा जड जाईल, वेळ खाईल. तरी तोच दुरुस्त करावा. भाग बदलावेच लागले तर काढलेले जुने भाग व नोंदणीचें पुस्तक एका पेटींत जपून ठेवावें.

सर्व जुळून झाल्यावर पेट्रोल घालण्यापूर्वीं टाकींतला गंज धुवावा. आजच्या पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें व जुन्या रबराला तें मानवत नाहीं. म्हणून नळी आणि कार्बोरेटरचीं पॅकिंगें नवीं घालावीं. एका लिटरला २० मिलिलिटर तेल आपल्या हातानें मिसळावें. गिअरपेटींत ३० नंबरचें तेल सुमारें २५० मिलिलिटर भरावें. तें विसरून किक मारणारेहि आढळतात. पहिल्या कांहीं किकांना इंजिन बहुधा उत्तर देत नाहीं. प्लग काढून पाहावा: ओला असेल तर पेट्रोल पोंचतें आहे, ठिणगी शोधावी, कोरडा असेल तर पेट्रोलची वाट शोधावी. इंजिन एकदां बोललें म्हणजे आरंभीं निळसर धूर फार होतो. पांच-दहा मिनिटांत तो ओसरतो. इंजिन पूर्ण निवल्यावर सिलिंडरच्या माथ्याचे नट पुन्हां आवळावे, पहिले कांहींशें किलोमीटर गाडी मंद चालवावी, आणि मग गिअरपेटींतलें तेल एका पांढऱ्या फडक्यावर ओतून पाहावें. राखी रंगाची बारीक चकाकी दिसली तर नवीं दांतेरी चाकें एकमेकांस घासून बसत आहेत एवढेंच समजावें. नखांत अडकेल एवढा तुकडा दिसला तर गोळा पुन्हां उघडावा.